वळसा आणि वेस : वर्तुळमार्गाच्या एका राजकीय लक्षणेविषयी

पदव्युत्तर वर्गाला भाषांतरविद्या शिकवताना दरवर्षी एखादा वृत्तपत्रीय उतारा द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी दिलेल्या, अमेरिकेतील निवडणुकीवरच्या एका उताऱ्यात 'बेल्टवेच्या आतले' असा शब्दप्रयोग होता. एका विद्यार्थ्याने कोश पाहून 'बाह्यवळण रस्त्याच्या आतील लोक' असे भाषांतर केले. दुसऱ्याने अर्थ जाणून घेऊन 'राजधानीतील सत्ताधारी वर्तुळ' असे लिहिले. एका विद्यार्थिनीने मात्र 'वेशीआतले' हा शब्द योजला. पहिले भाषांतर शब्दाला धरून होते आणि निरर्थक होते. दुसरे अर्थाला धरून होते, पण त्यातून रस्ता नाहीसा झाला होता. तिसरे ऐकताच वर्गाला आवडले. आणि नेमके तेच सर्वांत अधिक चुकलेले आहे असे मला वाटत राहिले. का चुकले हे त्या तासाला नीट सांगता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराची मांडणी आहे.

प्रथम त्या रस्त्याकडे वळू. बोलताना आपण 'रिंगरोड' किंवा 'बायपास' म्हणतो. शासकीय मराठीत 'वर्तुळाकार मार्ग' अथवा 'बाह्यवळण मार्ग' असे शब्द आहेत. यांतील 'वळण' हा अंश महत्त्वाचा आहे. ज्याला शहरात काही काम नाही त्याने शहराला वळसा घालून पुढे जावे, यासाठी हा रस्ता असतो. वॉशिंग्टनच्या बाबतीत १९५० च्या आराखड्यातच शहराभोवती तीन वर्तुळे कल्पिलेली होती. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी महामार्गविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली आणि खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलण्याची तरतूद झाली, तेव्हा त्यांतील सर्वांत बाहेरचे वर्तुळ प्रत्यक्षात येऊ लागले. पोटोमॅक नदीवरील वुड्रो विल्सन पूल १९६१ मध्ये खुला झाला आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी सुमारे १०३ किलोमीटरचे हे कडे पूर्ण झाले. अधिकृत नाव 'कॅपिटल बेल्टवे', म्हणजे शब्दशः राजधानीचा कमरपट्टा. पण हा पट्टा राजधानीच्या कमरेला लागलेला नाही. तो जवळजवळ संपूर्णपणे मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांतून जातो. कोलंबिया जिल्ह्याच्या, म्हणजे राजधानीच्या हद्दीत त्याचा येतो तो केवळ एक छोटासा तुकडा, आणि तोही त्या पुलावर, नदीच्या पात्रावर.

या रस्त्यामागील हेतू लक्षात घेण्याजोगे आहेत. एक हेतू उघडच वाहतुकीचा होता. दुसरा शीतयुद्धाचा होता. १९५६ च्या कायद्याने आखलेल्या जाळ्याच्या नावातच 'संरक्षण' हा शब्द होता. अणुबॉम्ब पडला तर सगळी सरकारी कार्यालये एकाच ठिकाणी असू नयेत, या विचाराने त्या काळात काही खाती शहराबाहेर नेली जात होती. अणुऊर्जा आयोगाचे मुख्यालय पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मेरीलँडमधील जर्मनटाउन येथे गेले ते याच कारणाने. म्हणजे सत्तेला बाहेर पांगवण्याच्या आणि प्रवाशाला बाहेरून काढून देण्याच्या काळात जन्मलेला हा रस्ता पुढे सत्तेच्या कोंडीचे चिन्ह ठरला. वळसा होता, त्याचे कुंपण झाले. १९७७ मध्ये तर उत्तर-दक्षिण जाणारा ९५ क्रमांकाचा महामार्ग शहरातून नेण्याचा बेत सोडून देण्यात आला आणि बेल्टवेची पूर्वेकडील बाजूच त्या महामार्गाचा भाग बनली. अशा रीतीने राजधानी टाळून जाणे ही राष्ट्रीय वाहतुकीची रीत झाली. राजधानीला शिव्या देण्याची राजकीय रीतही याच सुमारास पक्की होत होती. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असे मला म्हणायचे नाही. पण दोन्ही एकाच दशकातल्या आहेत.

युरोपातील वर्तुळमार्गांचा इतिहास याहून वेगळा आहे. तेथे रस्त्याच्या आधी भिंत होती. व्हिएन्नाची तटबंदी पाडून तेथे रस्ता करण्याविषयीचा सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आदेश डिसेंबर १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ मे १८६५ रोजी 'रिंगश्ट्रासं'चे उद्घाटन झाले. १८४८ च्या उठावाची आठवण ताजी असल्याने रुंद रस्ता लष्करालाही हवाच होता. पुढे याच रस्त्यावर संसद, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह अशा उदारमतवादी मध्यमवर्गाच्या वास्तू उभ्या राहिल्या. कार्ल शोर्स्क या इतिहासकाराने १९८० च्या आपल्या ग्रंथात या रस्त्यावर दीर्घ प्रकरण लिहिले आहे. त्यातील एक निरीक्षण आपल्या विषयाला उपकारक आहे : या रस्त्यावरील भव्य इमारती परस्परांशी किंवा जुन्या शहराशी नव्हे, तर वर्तुळाकार वाहत्या रस्त्याशीच नाते सांगतात. भिंत गेली, परंतु जुने शहर वेगळे पडलेलेच राहिले. व्हिएन्नाला बाहेरची आणखी एक तटरेषा होती. उपभोग्य वस्तूंवरचा कर तेथे वसूल होई. १८९४ पासून ती पाडली गेली आणि तेथे जो रस्ता झाला त्याचे नाव 'ग्युर्टल', म्हणजे पुन्हा कमरपट्टाच.

पॅरिसची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८४१ ते १८४४ या काळात तिएर यांच्या पुढाकाराने शहराभोवती तट बांधला गेला. त्याच्या बाहेर बांधकामाला बंदी असलेला मोकळा पट्टा होता. त्या पट्ट्यात गरिबांच्या झोपड्या वसल्या आणि तेथील रहिवाशाला 'झोनार' हे हिणवणारे नाव मिळाले. १९१९ नंतर तट पाडला गेला. त्याच पट्ट्यावरून १९७३ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ३५ किलोमीटरचा 'पेरिफेरिक' आज जातो. पलीकडे 'बांलिय्य'. या शब्दातील पहिल्या भागाचा अर्थ बहिष्कार असा असल्याचे काही उत्साही समाजशास्त्रज्ञ सांगतात. मुळात तो नगरसत्तेचा हुकूम जेथवर चाले तो एक कोसाचा टापू, असा सरळ शासकीय शब्द आहे. पण व्युत्पत्ती चुकीची असली तरी ती लोकांना पटते, यात काही सांगितले जातेच. २७ ऑक्टोबर २००५ रोजी क्लिशी-सू-बुआ येथे पोलिसांच्या भीतीने विजेच्या उपकेंद्रात शिरलेले दोन तरुण मरण पावले आणि तेथून उसळलेला उद्रेक देशभर पसरला. त्या आठवड्यांत फ्रेंच भाषेत 'पेरिफेरिकच्या पलीकडे' या शब्दांना भूगोलाचा अर्थ फारसा उरला नव्हता.

मॉस्कोचे १०९ किलोमीटरचे वर्तुळ १९६२ मध्ये पूर्ण झाले. नगराची हद्दच त्या रेषेवर आणून ठेवलेली असल्यामुळे त्याच्या पलीकडे जीवन नाही, अशी थट्टा रशियनमध्ये रूढ झाली आणि 'पलीकडच्यां'साठी एक तुच्छतादर्शक नामही तयार झाले. २०१२ मध्ये शहराची हद्द या रस्त्याच्या बाहेर नैऋत्येला दूरवर नेण्यात आली. तरी ती थट्टा जुन्याच रेषेला चिकटून आहे.

ही उदाहरणे मांडण्याचे कारण असे की, या सर्व ठिकाणी 'बाहेर' हे हीन आणि 'आत' हे प्रतिष्ठित आहे. रस्त्याने भिंतीचा वारसा घेतला आणि भिंतीची मूल्यव्यवस्थाही घेतली. वॉशिंग्टनला मध्ययुगीन तट नव्हता. यादवी युद्धाच्या काळात शहराभोवती मातीच्या गढ्यांचे एक कडे उभारले गेले होते आणि पुढे त्या गढ्यांना जोडणारा रस्ता करण्याची कल्पनाही निघाली होती. ती पूर्णत्वाला गेली नाही. तेव्हा येथे वारशाने मिळालेली रेषा नाही. आणि येथेच 'आत' हा शब्द निंदेचा झाला आहे. बेल्टवेच्या आतला म्हणजे सामान्य माणसापासून तुटलेला, स्वतःच्याच चर्चांत गुंगलेला, सौदेबाज. मूल्यांची ही उलथापालथ कशी घडली, हा खरा प्रश्न आहे.

येथे आपल्या काव्यशास्त्रातील लक्षणाविचार साहाय्याला येतो. केवळ 'रूपक' म्हणून थांबल्यास फारसे हाती लागत नाही. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'गंगेवर गवळीवाडा' या घोटून घोटून गुळगुळीत झालेल्या उदाहरणात प्रवाहावर वाडा असणे अशक्य म्हणून प्रवाह हा अर्थ सुटतो, सामीप्यामुळे तीर हा अर्थ येतो आणि शीतलता-पावित्र्याची प्रतीती हे प्रयोजन ठरते. नैयायिकांचे दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे : 'माचे ओरडतात'. शेतातला माचा ओरडत नाही, त्यावर बसलेला राखणदार ओरडतो. येथे संबंध तात्स्थ्याचा आहे. स्थानावरून तेथे असलेल्याचा बोध होतो. 'बेल्टवेच्या आतले' हा प्रयोग सकृद्दर्शनी याच जातीचा दिसतो.

परंतु एक फरक आहे. माच्यावर जो कोणी असेल तो सगळा ओरडण्यात समाविष्ट असतो. बेल्टवेच्या आत जे आहेत ते सगळे या शब्दाने सूचित होत नाहीत. त्यांतले काही ठेवले जातात, बाकीचे गाळले जातात. वेदान्ती ज्याला जहदजहल्लक्षणा किंवा भागलक्षणा म्हणतात, म्हणजे मुख्यार्थाचा एक अंश टाकून दुसरा राखणे, तिच्याशी याचे साम्य अधिक आहे. 'तो हा देवदत्त' या वाक्यात काळ आणि स्थळ टाकले जातात, व्यक्ती तेवढी राखली जाते. प्रस्तुत प्रयोगात राखले जातात ते संसद-सदस्य, त्यांचे सल्लागार, दलाल आणि वार्ताहर. टाकले जातात ते कोण? आणि या टाकण्याची जाणीव बोलणाऱ्याला का होत नाही? मम्मटाच्या 'बाध' या संज्ञेत एक तार्किक अडथळा अभिप्रेत आहे. येथे मात्र मुख्यार्थाचा बाध म्हणजे प्रत्यक्ष माणसांचा बाध आहे.

लक्षणा प्रयोजनाकडून रूढीकडे जाते तेव्हा काय होते हे 'कुशल' या शब्दावरून सर्वांना ठाऊक आहे. दर्भ तोडणारा आता कोणाला आठवत नाही. सत्तरीच्या दशकात वृत्तपत्रांतून पसरू लागलेला आणि ऐंशीच्या दशकात सर्वत्र झालेला हा प्रयोग आज 'कुशल'च्या मार्गाने बराच पुढे गेला आहे. त्याच घरातला दुसरा शब्दप्रयोगही पाहावा. 'बेल्टवेचे दरोडेखोर' हे नाव सुरुवातीला उपनगरांतील घरे फोडून त्या वेगवान रस्त्याने पसार होणाऱ्या चोरांसाठी होते. पुढे ते सरकारी कंत्राटांवर जगणाऱ्या सल्लागार कंपन्यांना लावले गेले. या कंपन्यांपैकी अनेकींची कार्यालये रस्त्याच्या कडेला किंवा बाहेरच आहेत. टायसन्स कॉर्नर हे ठिकाण त्याचे ठळक उदाहरण, ज्याच्यावर जोएल गॅरो यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने लिहिले. भूमितीने हे लोक बाहेर आहेत आणि लक्षणेने आत. उलट केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांपैकी पाचांतले चारजण या राजधानी परिसरात कामच करत नाहीत. ते देशभर विखुरलेले आहेत. तरी 'नोकरशाही' म्हटले की बोट त्या वर्तुळाकडे वळते.

आता वक्ते कोण ते पाहू. १९६८ च्या निवडणुकीत अलाबामाचे माजी गव्हर्नर आणि वंशभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस हे नोकरशहांच्या ब्रीफकेसा पोटोमॅकमध्ये फेकून देण्याची भाषा करीत होते. त्यांच्या प्रचारात केंद्र सरकारचा तिटकारा आणि त्या सरकारने लागू केलेल्या नागरी हक्कांचा तिटकारा वेगळे काढता येत नाहीत. १९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर कार्टर 'बाहेरचा माणूस' म्हणून निवडून आले; त्यांच्या बोलण्यात वंशद्वेषाचा अंश नव्हता, पण मांडणीचा साचा तोच होता. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर रेगन आले, १९९२ मध्ये आर्कन्सॉचे गव्हर्नर क्लिंटन. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी वर्तुळाऐवजी 'दलदल' हा शब्द पुढे आणला, आणि कड्याची जागा चिखलाने घेतली. या सर्व 'बाहेरच्यां'ना आत जायचे होते आणि वॉलेस वगळता ते गेले. बाहेर असणे हे येथे स्थान नसून उमेदवारीचे एक प्रमाणपत्र आहे, आणि ते कोणाला मिळू शकते याचेही नियम आहेत. बार्थ ज्याला मिथक म्हणतो, म्हणजे इतिहासाला निसर्ग म्हणून सादर करणारी भाषा, तिचे हे उत्तम उदाहरण ठरावे. एक रस्ता जणू निसर्गतःच चांगल्या आणि वाईट माणसांच्या मधून गेला आहे, असे वाटू लागते.

आणि आत राहिलेले, परंतु लक्षणेने गाळलेले ते कोण, या प्रश्नाकडे आता येता येईल. १९७० च्या जनगणनेत कोलंबिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. या शहराच्या रहिवाशांना संसदेत मतदानाचा अधिकार असलेला प्रतिनिधी नव्हता. तो आजही नाही. अध्यक्षाच्या निवडणुकीतले मतही त्यांना १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीनंतर मिळाले आणि ते त्यांनी प्रथम दिले ते नोव्हेंबर १९६४ मध्ये. म्हणजे ऑगस्टमध्ये कडे पूर्ण झाले आणि त्याच वर्षी कड्याच्या आतल्या राजधानीने देशाच्या अध्यक्षासाठी पहिल्यांदा मत दिले. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की 'आतल्यांचे राज्य' या कल्पनेतील विपर्यास लपत नाही.

शहराचा कारभार कोण पाहत होते? १८७४ पासून १९६७ पर्यंत नेमलेले तीन आयुक्त, आणि त्यांच्यावर संसदेच्या समित्या. प्रतिनिधीगृहातील जिल्हाविषयक समितीचे अध्यक्षपद दीर्घकाळ साउथ कॅरोलायनाचे जॉन मॅकमिलन यांच्याकडे होते. स्वशासनाची मागणी ते वर्षानुवर्षे समितीतच अडवून ठेवत. १९७२ मध्ये ते आपल्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, स्वशासनाचा कायदा झाला. निवडून आलेला महापौर १९७५ च्या जानेवारीत पदावर आला. शहराच्या परिषदेने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार मात्र संसदेने आपल्याकडेच ठेवला. तेव्हा वस्तुस्थिती अशी की, बेल्टवेच्या बाहेरून निवडून आलेला माणूस आतल्या लोकांवर त्यांच्या मताशिवाय राज्य करीत होता. आणि त्याच काळात राजकीय भाषा आतले लोक बाहेरच्यांवर राज्य करतात अशी तक्रार करायला शिकत होती.

रस्त्यांच्या इतिहासातही हेच दिसते. तीन वर्तुळांपैकी आतली वर्तुळे आणि त्यांना जोडणारे महामार्ग दाट वस्तीतून जाणार होते. शहराच्या नैऋत्य भागात नगर-पुनर्रचनेच्या नावाखाली सुमारे २३ हजार लोक, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, विस्थापित झालेले लोकांनी पाहिले होते. साठीच्या दशकात पुढच्या महामार्गांना विरोध सुरू झाला, तेव्हा गोऱ्यांचे रस्ते काळ्यांच्या घरांतून जातात, अशा आशयाची घोषणा भित्तिपत्रकांवर झळकली. हे लोक बहुतेक लढाया जिंकले. आतली वर्तुळे फार थोडी झाली, त्यांसाठीचा बराच पैसा भुयारी रेल्वेकडे वळवला गेला आणि मार्च १९७६ मध्ये ती रेल्वे धावू लागली. बाहेरचे कडे मात्र कोणी अडवले नव्हते. ते मुख्यतः उपनगरांतून आणि शेतजमिनींतून गेले होते. म्हणजे ज्या वर्तुळांशी या लोकांचे जगण्यामरण्याचे भांडण होते ती राजकीय भाषेत आलीच नाहीत. जे आले ते त्यांच्या दृष्टीने दूरचे होते.

एक स्थानिक नोंद येथे करायला हवी. राजधानीच्या पूर्वेला मेरीलँडमध्ये प्रिन्स जॉर्जेस परगणा आहे. बेल्टवे त्याच्या मधूनच जातो. या परगण्याच्या राजकारणात 'बेल्टवेच्या आत' म्हणजे जुनी, तुलनेने गरीब, शहराला चिकटलेली वस्ती. 'बेल्टवेच्या बाहेर' म्हणजे नवी घरे, मोठी अंगणे, सुस्थित कृष्णवर्णीय मध्यमवर्ग. शब्द तेच, रस्ता तोच. राष्ट्रीय अर्थ आणि परगण्याचा अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. आणि प्रत्यक्ष त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला आत-बाहेर यांच्याशी काही कर्तव्यच नसते. रेडिओवर वाहतुकीची बातमी सांगताना 'इनर लूप' म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या आणि 'आउटर लूप' म्हणजे उलट दिशेने जाणाऱ्या. त्याच्यासाठी ही रेषा नाही, प्रवाह आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या 'वेशीआतले' या शब्दाकडे परत येऊ. मराठीत 'वेस' आणि 'गावकूस' यांना जो अर्थभार आहे तो दगडमातीच्या भिंतीपेक्षा टिकाऊ ठरला. दख्खनच्या बहुतेक गावांची कुसवे ढासळली, पण 'गावकुसाबाहेर' हा शब्द ढासळला नाही. येथेही तात्स्थ्याची लक्षणा आहे. पण या लक्षणेत कोणी गाळला जात नाही. गावकुसाबाहेर जो राहतो तो जन्माने तेथे ठेवलेला आहे, आणि शब्द नेमका त्यालाच लागतो. शिवाय वेशीचा राखणदार, येसकर, हा महार. ज्याच्या हाती दाराची जबाबदारी त्यालाच दाराच्या आत घर नाही. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपली. तोवर ही व्यवस्था कायद्यानेच चालू होती.

या शब्दाची उलथापालथ मराठीतही झाली, परंतु ती बाहेरच्यांनी स्वतः केली. साठोत्तरी कालखंडात बाबुराव बागुलांपासून पुढे जे लेखन झाले त्याने 'बाहेर' हे बोलण्याचे स्थान बनवले. 'गोलपिठा'ला १९७२ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी पांढरपेशा जगाची सरहद्द जेथे संपते तेथून पुढच्या प्रदेशाचा निर्देश केला आहे, तो अभ्यासकांना परिचित आहे. तेंडुलकर ती रेषा आतून पाहत आहेत आणि आपण आतून पाहत आहोत हे त्यांना ठाऊक आहे. त्या प्रस्तावनेचे मोल मला यात वाटते. युरी लोटमन सीमेला दोन भाषा जाणणारी, भाषांतर करणारी जागा मानतो. धसाळांची कविता आणि तेंडुलकरांची प्रस्तावना एका पुस्तकात येणे ही त्या अर्थाने सीमेवरची घटना होती.

वॉशिंग्टनमध्ये याच्याशी तुलना करावी असे काही घडले नाही असे नाही. तेथील कृष्णवर्णीयांनी आपल्या शहराला 'चॉकलेट सिटी' हे नाव दिले. १९७५ मध्ये त्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ती काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'पार्लमेंट' होते, हा योगायोग संसदेत मत नसलेल्यांच्या संदर्भात गमतीचा आहे. पण ते नाव शहराच्या अंतर्गत व्यवहारात राहिले. राष्ट्रीय भाषेत 'बेल्टवे' जिंकला. त्यामुळे 'वेशीआतले' हे भाषांतर का फसते ते आता सांगता येते. आत पवित्र आणि बाहेर अपवित्र अशी मराठी मूल्यरचना मुळाच्या उलट आहे, हे एक कारण. ते कोणाच्याही ध्यानात येईल. अधिक महत्त्वाचे कारण असे की, 'वेस' म्हणताच मराठी वाचकाला बाहेरच्या वंचिताचा चेहरा दिसतो आणि त्याची सहानुभूती आपोआप बाहेरच्याकडे जाते. मूळ प्रयोगाला नेमकी हीच फुकटची सहानुभूती हवी असते. मतहीन माणसे आतच आहेत, ही गोष्ट या भाषांतरात दुसऱ्यांदा झाकली जाते.

आपल्याकडील राजकीय मराठीत 'दिल्लीश्वर' जुने आहेत आणि 'ल्युटन्स दिल्ली' नवी. १५ ऑगस्ट २०१४ च्या लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी आपण दिल्लीसाठी बाहेरचे असल्याचे सांगितले होते. त्या वेळी ते देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावर होते, हे नोंदवून पुढे जाऊ. ल्युटन्सच्या बंगल्यांत चाकरीच्या खोल्यांतून राहणारी माणसे त्या शब्दात धरली जातात काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लक्षणेला परिणाम असतात. २०१९ मध्ये केंद्रीय जमीन व्यवस्थापन विभागाचे मुख्यालय राजधानीतून हलवून कोलोरॅडोमधील ग्रँड जंक्शन येथे नेण्याचे जाहीर झाले. सरकार लोकांच्या जवळ न्यावे, हे कारण देण्यात आले होते. बदली झालेल्यांपैकी अनेकांनी नोकरी सोडणे पसंत केले. २०२१ मध्ये मुख्यालय परत आणण्याचा निर्णय झाला. जिल्ह्याला राज्याचा दर्जा देण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात २०२० मध्ये २३२ विरुद्ध १८० आणि २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी संमत झाले. सिनेटमध्ये ते अडकले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी गुन्हेगारीच्या आणीबाणीचे कारण देऊन अध्यक्षांनी शहराचे पोलीस दल आपल्या नियंत्रणाखाली घेतले. तशी तरतूद १९७३ च्या स्वशासनाच्या कायद्यातच होती, तीस दिवसांपुरती. रस्त्यांवर नॅशनल गार्डचे सैनिक आले. त्यांत वेस्ट व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना, ओहायो, मिसिसिपी येथून पाठवलेले होते. बेल्टवे ओलांडून ते आत आले, आणि ज्यांच्या रस्त्यांवर ते उभे राहिले त्यांना या निर्णयावर संसदेत मत देणारा कोणीही नव्हता.

त्या महिन्यांतल्या बातम्यांचा एक उतारा मी पुढच्या वर्गाला दिला. 'बेल्टवे' हा शब्द त्यातही होता, पण शहरातल्या रहिवाशांसाठी नव्हे, तर त्यांच्याविषयी मत व्यक्त करणाऱ्यांसाठी. बऱ्याच चर्चेनंतर शब्द तसाच ठेवावा आणि रस्ता कोठून जातो, त्याच्या आत कोण राहते हे तळटीपेत सांगावे, असे ठरले. तळटीप किती लांब असावी यावर मात्र वर्गाचे एकमत झाले नाही.